काळी म्हणजे कडक नव्हे : थंडीतली पोर्टर बिअर

बेळगावात थंडी पडू लागली, की परदेशी राहणारी मुले सुट्टीसाठी घरी येतात. हल्ली त्यांच्या सामानात कधी कधी काळ्याभोर बिअरची एखादी बाटली असते. घरातली मोठी माणसे ती पाहून म्हणतात, "एवढी काळी? मग भलतीच कडक असणार!" तरुण मंडळी ती बर्फासारखी गार करून चार घोटांत संपवतात. दोन्हीकडे थोडा गैरसमज आहे. म्हणून या वेळी आम्ही पोर्टरची माहिती देत आहोत. जे घेत नाहीत त्यांनी घ्यावी, असा हेतू मुळीच नाही. पण घरात बाटली आलीच, तर तिच्यात काय आहे हे घरच्यांना कळावे.

पोर्टर म्हणजे हमाल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही बिअर लंडनमध्ये रूढ झाली. टेम्स नदीच्या धक्क्यांवर आणि बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, म्हणून हे नाव पडले. तिच्यातल्या दमदार प्रकाराला पुढे 'स्टाउट पोर्टर' म्हणू लागले. आजची स्टाउट त्यातूनच आली. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरची पिंपे जहाजाने हिंदुस्थानातही येत.

आता रंगाचे पाहू. आपण नाचणीचे सत्त्व करताना नाचणीला मोड आणून ती वाळवतो. बिअरसाठी जवाचे तसेच करतात. त्याला माल्ट म्हणतात. सुरुवातीची पोर्टर तपकिरी भाजलेल्या माल्टची असे. पुढे द्रवाची घनता मोजण्याचे साधन कारखान्यांत आले, तेव्हा फिकट माल्टमधून साखर जास्त निघते आणि तो स्वस्त पडतो, हे कळले. फिकट माल्ट वाढला तसा रंग उतरला. मग काहीजण जळक्या साखरेने रंग आणू लागले. इंग्लंडमध्ये १८१६ साली कायद्याने त्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट कॉफीच्या बियांसारखा काळा भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. असा मूठभर माल्ट सगळे पिंप काळे करायला पुरतो.

म्हणजे काळा रंग हा भाजण्याचा आहे, मद्यार्काचा नव्हे. मद्यार्क ठरतो तो आंबवताना किती साखर वापरली गेली यावर. म्हणून रंग पाहू नका, लेबल वाचा. लंडनच्या फुलर्सची 'लंडन पोर्टर' ५.४ टक्के मद्यार्काची आहे. पिवळीधमक 'स्ट्राँग' बिअर तिच्याहून कडक असू शकते. मात्र पोलंड, फिनलंड अशा बाल्टिक समुद्राकाठच्या देशांतली पोर्टर वेगळी. ती साधारण ७ ते ९.५ टक्क्यांची असते. हिशेब सोपा आहे : ५.४ टक्क्यांच्या ५०० मिलीच्या बाटलीत २७ मिली शुद्ध मद्यार्क असतो, तर ९ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या छोट्या बाटलीत जवळपास ३०. बाटली लहान, म्हणून घेणे कमी असे होत नाही.

चव घेण्याची रीतही साधी आहे. बाटली फ्रीजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटे बाहेर ठेवावी. अति गार पोर्टरला वास येत नाही आणि जिभेलाही काही कळत नाही; १० ते १३ अंश पुरे. काचेचा पेला स्वच्छ, साबणाचा अंश न उरलेला घ्यावा, नाहीतर फेस टिकत नाही. पेला तिरका धरून हळू ओतावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. काळी वाटणारी पोर्टर पुष्कळदा कडेला गडद तांबूस दिसते. आधी वास घ्यावा, मग लहान घोट घेऊन तो तोंडात क्षणभर ठेवावा. भाजलेली कॉफी, कडसर चॉकलेट, पावाचा करपट कड, काकवी असे काहीबाही जाणवते. शेवटी येणारा कडूपणा थोडा भाजण्याचा आणि थोडा हॉप्स या वेलीच्या फुलांचा. खरपूस भाजणीचा वास ओळखणाऱ्या आपल्या नाकाला हे परके नाही. सोबत भाजलेले शेंगदाणे, सुके मटण किंवा कुंद्याचा लहानसा तुकडा चांगला लागतो. कुंद्यातही आटवून तपकिरी झालेल्या दुधाची तीच खरपूस गोडी असते.

एक समजूत मात्र सोडायला हवी. थंडीत घेतली की अंगात ऊब येते, हे खरे नाही. मद्यार्काने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते; प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जात असते. ऊब हवी तर शाल घ्यावी.

शेवटी आपल्या पाहुणचाराविषयी. जेवताना "अजून एक पोळी" हा आग्रह शोभतो. पेल्याच्या बाबतीत तो करू नये. घेणाऱ्याने गाडी चालवू नये, औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि "नको" म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. एक बाटली चौघांत वाटून घेतली, तरी चव पूर्ण कळते.