स्त्री-जननेंद्रियच्छेदन व सांस्कृतिक सापेक्षतावाद

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाचा अंशतः वा पूर्णतः छेद वैद्यकीय कारणावाचून करण्याची रूढी. ईजिप्त, सूदान, सोमालिया, माली इ. आफ्रिकी देशांत ती प्रामुख्याने आढळते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व प्रसूतीतील गुंतागुंत हे तिचे ज्ञात दुष्परिणाम होत.

कोणतीही रूढी तिच्या समाजाच्या मूल्यांनुसारच समजून घ्यावी, या सापेक्षतावादी भूमिकेची कसोटी केन्यात लागली. १९२९ च्या सुमारास मिशनऱ्यांनी किकुयू ख्रिस्ती लोकांवर रूढित्यागाची सक्ती केली, तेव्हा अनेकांनी चर्च सोडून स्वतंत्र शाळा काढल्या. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोफ्स्की यांचे विद्यार्थी जोमो केन्याटा यांनी फेसिंग मौंट केन्या (१९३८) या ग्रंथात हा दीक्षाविधी वयोगटव्यवस्थेचा आधार असल्याचे प्रतिपादिले. विधीचे सामाजिक कार्य त्यातून उलगडते. मात्र स्पष्टीकरण व समर्थन यांतील भेद तेथे पुसट होतो. १९५६ मध्ये मेरू जिल्ह्यात पुरुषांच्या ज्येष्ठमंडळाने बंदी घातली, तेव्हा कित्येक मुलींनी एकमेकींचा छेद करून ती झुगारली.

पुढे विरोधही त्या त्या समाजांतूनच पुढे आला. ईजिप्तमधील डॉक्टर व लेखिका नवाल अल् सादावी यांनी बालपणीचा स्वानुभव लिहिला; सूदानी डॉक्टर आस्मा एल् दरीर यांचे सर्वेक्षण १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृतीचे मत एकच असते, हे सापेक्षतावाद्यांचे आणि त्यांच्या टीकाकारांचेही गृहीतक त्यामुळे डळमळले. भारतात दाऊदी बोहरा समाजातील ‘खफ्ज’ या रूपाविरुद्धची याचिका २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली व २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपविण्यात आली. त्या वादात बोहरा स्त्रिया दोन्ही पक्षांत होत्या.