माणूस निवडायचा कुणी?

आमच्या सोनारीला लोक ओळखतात ते भैरवनाथामुळे. चैत्रातल्या यात्रेला लांबून लांबून माणसे येतात. परांडा तालुक्यात ऊस आला, सोनारीत साखर कारखानाही आला. पावसाळा सरत आला की या भागात आणखी एक लगबग सुरू होते, ती ऊसतोडीच्या टोळ्या बांधण्याची. कचेऱ्यांतल्या आणि कारखान्यांतल्या साहेब मंडळींनी ती एकदा जवळून पाहावी, असे मला नेहमी वाटते.

टोळीतला एकेक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम स्वतः दारात जाऊन ठरवतो. कामाला कोण टिकेल, कुणाचे कुणाशी पटत नाही, कुणाच्या घरी म्हातारे माणूस आजारी आहे, हे सारे तो विचारून घेतो. कारण पुढचे चार-सहा महिने त्यालाच या माणसांबरोबर फडात काढायचे असतात. निवड चुकली तर तोटा त्याच्याच अंगावर येतो.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. उचलीच्या कर्जात कुटुंबे अडकतात, पोरांच्या शाळा सुटतात. हे थांबलेच पाहिजे. पण तिच्यात एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. ज्याला काम करून घ्यायचे आहे, तोच माणूस शोधायला निघतो.

आता एखाद्या कचेरीत पाहा. जागा रिकामी होते. खातेप्रमुख एका ओळीचा कागद वर पाठवतो : 'एक माणूस हवा.' जाहिरात दुसराच लिहितो, अर्ज तिसरा चाळतो, मुलाखत चौथा घेतो. नवा माणूस आणि त्याचा साहेब एकमेकांना पहिल्यांदा पाहतात ते रुजू होण्याच्या दिवशी. पुढे जमले नाही की साहेब म्हणतात, 'हल्ली धड माणसेच मिळत नाहीत!'

मी स्वतः असा 'वरून आलेला' माणूस होतो. बी.ए. झाल्यावर एका छापखान्यात मुलाखतीला गेलो. मालकांनी सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारले, माझ्या कविता छापून आल्याचे ऐकून खूष झाले आणि दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. फोरमनने मला आपादमस्तक न्याहाळले. "मी खिळे जुळवणारा मागितला होता, मालकांनी कवी पाठवला!" तीन महिने आम्ही दोघांनीही सोसले. माझ्या जागी पुढचा माणूस फोरमनने स्वतः निवडला. आलेल्या प्रत्येकाला त्याने चार ओळी जुळवायला दिल्या आणि शेजारी उभे राहून पाहिले. अर्ध्या तासात निवड झाली, आणि तो माणूस टिकला.

मोठ्या उद्योगातले उदाहरण हवे असेल तर किर्लोस्करवाडीचे घ्या. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना आणि वसाहत उभी करायला घेतली. त्यांचे साथीदार कोण होते? शंभूराव जांभेकरांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे झालेले नव्हते. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्ध्यावर सुटलेली होती. राखणीचे काम तर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वासाने सोपवले. नुसती प्रमाणपत्रे पाहणाऱ्या कचेरीत यांतल्या कुणाचा निभाव लागला नसता. इथे मालकानेच माणूस पारखला होता, आणि त्याच माळावर तो त्यांच्याबरोबर राहतही होता.

मग खातेप्रमुखाने नेमके काय करावे? काम कोणते आहे, त्यात त्रास कोणता आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावे. वर्षातून एखादा दिवस तालुक्याच्या आयटीआयमध्ये, कॉलेजात जाऊन मुलांशी बोलावे. मुलाखतीला स्वतः बसावे आणि कामाचा छोटा नमुना करून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवा माणूस येईल त्या सकाळी जागेवर हजर राहावे.

कुणी म्हणेल, साहेबांच्या हाती निवड दिली तर भाचे-पुतणेच भरतील. ही भीती खरी आहे. सरकारी नोकरीत परीक्षा आणि गुणवत्ता यादी असते ती याचसाठी. म्हणून साहेबांनी एकट्याने निवडू नये. बरोबर दोघेतिघे असावेत, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, गुण लिहून ठेवावेत. निवडीत भाग घेणे वेगळे आणि निवड खिशात घालणे वेगळे.

आमच्याकडची पोरे पुण्याकडे नोकरीला निघतात तेव्हा खिशात ठेकेदाराच्या माणसाचा मोबाइल नंबर असतो. ज्याच्या हाताखाली राबायचे, त्याचे नावही ठाऊक नसते. त्यातले एखादे पंधरा दिवसांत परतले की गाव म्हणते, पोरात दम नाही. मला मात्र वाटते, तिथे त्याची वाट पाहणारे कुणी नव्हते. ज्याने आपल्याला निवडले तो समोर उभा असेल, तर नवखे पोरही पहिला महिना रेटून नेते. आणि ज्याने निवडले, त्यालाही ते पोर सहजासहजी सोडवत नाही.