कट्ट्याच्या आतले अठ्ठावीस एकर

रविवारी सकाळी सहा-साडेसहाला दादरच्या शिवाजी पार्कात जा. कट्ट्याच्या कडेने चालणाऱ्यांच्या फेऱ्या कधीच सुरू झालेल्या असतात. मैदानात चुन्याच्या रेघा पडत असतात आणि एका सामन्यातला लाँग ऑन दुसऱ्या सामन्याच्या पंचांच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. नवख्याला हा सगळा गोंधळ वाटतो. अर्धा तास बसून पाहिलं की कळतं, कोणता चेंडू कुणाचा हे इथे पोराटोरांनाही पक्कं ठाऊक असतं.

मुंबईत बागा पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना फाटक असतं, उघडण्या-मिटण्याच्या वेळा असतात. इथे सुमारे अठ्ठावीस एकरांभोवती आहे तो एक बुटका कट्टा. त्याचा घेर सव्वा किलोमीटरला जरा कमी. त्यावर बसायला तिकीट नाही की कुणाची परवानगी नाही. निवृत्त मंडळींची बैठक, परीक्षेच्या उजळण्या, नव्याने जमणारी लग्नं, सगळं याच कट्ट्यावर.

१८९६च्या प्लेगनंतर दाटीवाटीची मुंबई उत्तरेकडे सरकू लागली आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या. त्या वाढीत १९२५मध्ये हे मैदान खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. १९२७मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या, आचार्य अत्र्यांचा आवाज इथेच घुमला. १९६६मध्ये शिवसेनेचा पहिला दसरा मेळावाही इथेच झाला. रमाकांत आचरेकर सरांचं क्रिकेटचं नेट तर जगाला माहीत आहे. बंगाली मंडळींची दुर्गापूजा आणि १ मेचं संचलन पाहायला तर लांबून लोक येतात.

पण मला विचाराल तर या मैदानाचा सर्वांत मोठा दिवस ६ डिसेंबर. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसं येतात आणि त्यांचा मुक्काम पार्कात पडतो. मांडवांच्या बाहेर पुस्तकांचे स्टॉल ओळीने लागतात. पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि एकेक पुस्तक उलटसुलट करून पाहणारे हात, हे दृश्य मी दर वर्षी पाहतो. जाताना त्या पिशव्या जड झालेल्या असतात. इतक्या दुरून आलेली इतकी माणसं पुस्तकं घेऊन परततात, हे मी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

रोजचा सोहळा पाहायचा असेल तर संध्याकाळी समर्थ व्यायाम मंदिराकडे वळा. एरंडेल चोपडून गुळगुळीत केलेल्या मल्लखांबावर आठ-दहा वर्षांची मुलं झरझर चढतात. शेजारी टांगलेल्या दोरावर एक मुलगी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर पकडून, गाठ न मारता, उलटी होऊन पद्मासन लावते. खाली उभ्या, शिकवणाऱ्या ताईंचा एकच शब्द येतो, ‘श्वास!’ २०१९मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली.

आता नियमांचं थोडं. २०१०मध्ये उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी पुढे सरकारने वर्षाकाठी ४५ दिवस मोकळे ठेवले. उरलेले ३२० दिवस हे खेळाचं मैदान आहे. ४५ दिवस कुणाला कमी वाटतात, कुणाला जास्त. माझ्या मते आकडा ठीक आहे. खरी अडचण शेहेचाळिसाव्या दिवशी दिसते.

मागे एकदा मोठा मांडव उतरल्यानंतर दोन दिवसांनी मी तिथे होतो. एक बारा-तेरा वर्षांचा गोलंदाज धाव घ्यायच्या आधी आपल्या रनअपवरचा खड्डा बुटाने दाबून भरत होता. खांब उपटला होता, खड्डा तसाच ठेवला होता. त्या खड्ड्यात घोटा मुरगळला असता तर त्या पोराचा अख्खा मोसम गेला असता. धुळीचाही त्रास आहेच. गवत रुजावं म्हणून टाकलेली लाल माती उन्हाळ्यात उडून आसपासच्या घरांत शिरते. पावसाचं पाणी साठवून मैदान भिजवत राहणं आणि गवताला पायांखालून थोडी सुट्टी देणं, याला दुसरा उपाय नाही.

खड्ड्यांसाठी मात्र परवानगीच्या कागदावर एक अट ठळक अक्षरांत हवी: मांडव उतरेल त्याच दिवशी खड्डे बुजवायचे, खिळे वेचायचे आणि मगच अनामत परत मागायची. आणि कार्यक्रमाला जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला एवढीच विनंती, उठताना आपल्या बसण्याच्या जागेवर एकदा नजर टाका. बाटली, पिन, काच जे दिसेल ते उचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कुणीतरी अनवाणी धावणार आहे.