शंका आली की लाल झेंडी

सकाळी 6.15. खांडबारा, नवापूर तालुका. कीमन, म्हणजे रोज पायी रूळ तपासणारा रेल्वे कर्मचारी, सामान मोजून घेतो: हातोडा, पाना, लाल झेंड्या, हिरवी झेंडी, फटाके. फटाका म्हणजे रुळावर बांधायची चपटी डबी. इंजिनाच्या चाकाखाली फुटते, चालक गाडी थांबवतो. बुटाचा तळ कालच शिवून आणलाय, चाळीस रुपयांत. मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, विचारतो, "झोप झाली ना, भाऊ?" रोज विचारतो, आणि उत्तराची वाटही बघतो.

6.30. चिंचपाड्याकडे पायी. किलोमीटरला रुळाखाली साधारण 1,660 स्लीपर, प्रत्येकाला रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा. सैल दिसली की हातोडा. ठक्. पुढची. उधना–जळगाव मार्ग 2018 पासून पूर्ण दुहेरी आहे. एका गाडीसाठी हटताना दुसऱ्या रुळावर उभं राहायचं नाही, हे तो सोबतच्या नव्या पोराला आजही बजावतो. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने 2012 च्या अहवालात मांडलं होतं, चार-पाच वर्षांत सुमारे 1,600 रेल्वे कर्मचारी कामावर दगावले.

8.40. रुळाच्या वेल्डपाशी, म्हणजे सांध्यापाशी, कीमन वाकतो. बारीक रेघ. बोटाने पुसली, जात नाही. लाल झेंडी रोवली. पोरगा फटाके घेऊन पळाला: 600 मीटरवर एक, 1,200 मीटरवर दहा-दहा मीटरने तीन. कीमन स्टेशन मास्तरांना फोन लावतो. "साहेब, गाडी थांबवा. नक्की नाही, पण शंका आहे."

"थांबवली."

9.30. इंजिनीअर साहेब आले. तारेच्या ब्रशने घासलं, तपासलं. वरचा ओरखडा निघाला. मालगाडी पाऊण तास खोळंबलेली. कीमन मान खाली घालून उभा. साहेब म्हणाले, "बरं केलंत. पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबवा." आज ओरडा बसला असता, तर पुढच्या रेघेपाशी त्याचा हात झेंडीकडे जाताना अडखळला असता. माझ्या मते पाऊण तास स्वस्तात गेला.

12.30. सावलीत भाकर, ठेचा, कांदा. कीमन पोराला सांगतो: हा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतो, चर्चगेटच्या लोकल याच विभागाच्या. तिथे दर काही मिनिटांना गाडी. रुळाला निवांत हात लावायला मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास. शंका आहे म्हणून लोकल थांबवणाऱ्याला तिथे किती धीर लागत असेल! पोरगा ट्रॅकमन म्हणून नुकताच लागलाय, मूळ पगार 18,000. तो ऐकतोय.

3.40. परतीचा फेरा दुसऱ्या रुळाने. तीन क्लिपा ठोकल्या, एक नट आवळला.

5.00. मेट वहीत लिहितो: वेल्डची शंका, गाडी थांबवली, तपासणी ठीक. कीमनच्या नावापुढे शेरा नाही, खुलासा मागितलेला नाही.