पेडल स्टील गिटार: मूळ आवाज आणि त्यावरची भर

मागच्या वेळी आपण तानपुऱ्याच्या जवारीबद्दल बोललो. आजचं वाद्य लांबचं आहे, अमेरिकेतल्या कंट्री संगीतातलं. आपल्या श्रोत्यांपैकी एकांनी असं विचारलं होतं की, पेडल स्टील गिटारसाठी कोणते साउंड इफेक्ट घ्यावेत? तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या आम्हांला या प्रश्नाशी काय देणं-घेणं, असं कुणी म्हणेल. पण या प्रश्नाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. वस्तूचं स्वतःचं काय आणि बाहेरून आलेलं काय? तेवढं धरून ठेवलं की निवड सोपी होते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. या वाद्याला स्वतःची पेडलं असतात. आवाज कमी-जास्त करायला आणखी एक वेगळं पेडल असतं. आणि इफेक्टच्या यंत्रांनाही बाजारात पेडलच म्हणतात. म्हणून इफेक्टच्या यंत्राला आपण 'डबी' म्हणू. पेटी म्हटलं असतं, पण पेटी म्हणताच आपल्याला हार्मोनियम आठवते.

आता वाद्य. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची दांडी सरकवत वाजवण्याची पद्धत रुळली. तिचं श्रेय बहुतेक वेळा जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. आपल्याकडे हीच 'हवाईयन गिटार' म्हणून आली. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेली सिनेमातली गाणी आपल्या पिढीने रेडिओवर भरपूर ऐकली. पुढे अमेरिकेत या गिटारला पाय फुटले, अगदी शब्दशः. टेबलासारखी चौकट, सहसा दहा तारा, खाली पेडलं, गुडघ्यांनी ढकलायचे खटके. पेडलं आधीही होती, पण ती मुख्यतः तारांची जुळणी बदलण्यासाठी. 1954 साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि तो बदल स्वतःच कानाला गोड लागतो हे सगळ्यांना कळलं.

काय होतं नेमकं? ई-नाइन नावाची जुळणी घ्या. तीन तारा छेडल्या, समजा सा, ग, प. आता डाव्या पायाने पहिली दोन पेडलं एकदम दाबली. ग चढून म होतो, प चढून ध होतो, आणि सा जागचा हलत नाही. दांडीही हललेली नाही. आपल्या मींडेत एक स्वर दुसऱ्याकडे जातो. इथे दोन स्वर आपापली वाट चालतात आणि तिसरा त्यांना बघत उभा राहतो. हा या वाद्याचा प्राण. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरून ठरणार आहे.

दुसरी गोष्ट उजव्या पायाची. तार छेडली की आवाज लगेच ओसरू लागतो. वादक स्वर छेडतो तेव्हा आवाजाचं पेडल साधारण अर्धंच उघडं असतं. मग स्वर जसा ओसरतो तसा तो पेडल हळूहळू दाबत जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, स्वर गायल्यासारखा लांबतोय. हा पाय म्हणजे या वाद्याचा श्वास. आणि थरथर, म्हणजे व्हायब्रॅटो, ती डाव्या हातातल्या दांडीची. तेव्हा मींड आहे, दमसास आहे, कंप आहे. एवढं सगळं हातापायांत असलेल्या वाद्यासाठी आपण डब्या निवडायला बसलो आहोत.

इथे आमच्या विषयातले दोन जुने दृष्टांत उपयोगी पडतात. पहिला स्फटिकाचा. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. फूल उचललं की जसाच्या तसा. याला उपाधी म्हणतात. दुसरा दुधाचा. विरजण लावलं की दुधाचं दही होतं, आणि दह्याचं पुन्हा दूध होत नाही. इफेक्टच्या डब्यांचेही असे दोन वर्ग पाडता येतात. रिव्हर्ब आणि डिले हे फुलाच्या वर्गातले. मूळ आवाज जसा आहे तसा पुढे जातो, त्याच्या शेजारी त्याची सावली ठेवली जाते. सावली किती गडद, हे एका बटणाने ठरतं. ओव्हरड्राइव्ह, फझ, कॉम्प्रेसर हे विरजणाच्या वर्गातले. ते मूळ लहरीचा आकारच बदलतात. विरजण वाईट असं नाही हं! दही आपल्याला आवडतंच. फक्त आपण दही लावतोय हे लावणाऱ्याला ठाऊक असावं.

आधी फुलं बघू. रिव्हर्ब म्हणजे खोलीचा, सभागृहाचा घुमारा. पेडल स्टीलचा आवाज सहसा स्वच्छ, न फाटणाऱ्या अँप्लिफायरमधून काढतात, आणि अनेक वादक पंधरा इंची स्पीकर पसंत करतात. असा स्वच्छ आवाज अगदी कोरडा ऐकला तर उघडा वाटतो. थोडा रिव्हर्ब त्याला जागा देतो. हातापायांना जे जमत नाही ते हेच. हात स्वर लांबवू शकतात, पण त्या स्वराभोवती खोली उभी करू शकत नाहीत. म्हणून एकच डबी घ्यायची असेल तर ती रिव्हर्बची घ्यावी. अँप्लिफायरमध्येच स्प्रिंग रिव्हर्ब असेल तर सुरुवातीला तीही नको.

डिले म्हणजे ठरावीक वेळाने येणारा प्रतिध्वनी. संथ गाण्यासाठी 300 ते 400 मिलिसेकंद, एक-दोनच आवर्तनं, तीही मूळ आवाजाच्या बरीच खाली, एवढ्यावर भागतं. जास्त का नको? मघाचं उदाहरण आठवा. आपण पेडल दाबलं, ग चा म झाला. पण डिलेमध्ये मघाचा ग अजून शिल्लक आहे, आणि तो आत्ताच्या म बरोबर वाजतो. दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर, म्हणजे घासाघीस. पियानोवर स्वर उडी मारतात, तिथे हे खपून जातं. इथे स्वर सरकत जातात, आणि मागे राहिलेली सावली त्या सरकण्यावरच माती टाकते. ज्या गोष्टीसाठी वाद्य घेतलं तीच पुसली गेली तर काय उरलं? म्हणून खूण अशी: सावली बंद केल्यावर तिची उणीव भासावी, पण चालू असताना ती वेगळी ऐकू येऊ नये.

आता या डब्या कुठे जोडायच्या? आवाजाच्या पेडलनंतर. तुम्ही पाय मागे घेतला तरी घुमारा आपल्या गतीने विरत जातो, जसा देवळात घंटेचा विरतो. पेडलच्या आधी जोडल्या तर पाय मागे घेताच घुमाराही कापला जातो. सभागृह एकाएकी नाहीसं झाल्यासारखं वाटतं.

आता विरजण. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. पण हे काम तर उजवा पाय करतोच आहे. डबी आणि पाय एकाच कामाला लागले की एकमेकांवर कुरघोडी करतात. पाय वाढवायला जातो, डबी दाबते. आम्ही तर म्हणू, नव्या वादकाने कॉम्प्रेसरपासून काही वर्षं दूरच राहावं. त्याच्या पायाला शिकायची संधी तरी मिळेल. कोरसचंही तसंच. तो मूळ आवाजाशेजारी किंचित बेसूर अशी डळमळती नक्कल ठेवतो. आहे फूलच, पण इतकं जवळ ठेवलेलं की स्फटिकाची कड दिसेनाशी होते. दांडी अगदी अचूक जागी ठेवायला कान तयार करायचा, आणि मग ती अचूकता डबीने पातळ करायची, याला काय अर्थ?

ओव्हरड्राइव्ह आणि फझ यांची गंमत वेगळी आहे. आवाज फाटला की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवे स्वर तयार होतात. सा 400 धरा. शुद्ध नैसर्गिक गंधार, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो, पाचास चार या प्रमाणात, म्हणजे 500. वजाबाकी 100. हा बरोबर दोन सप्तकं खालचा सा! म्हणजे फाटलेल्या आवाजातही खालून आधार मिळाला. पियानोचा समान अंतराने बसवलेला गंधार साधारण 504. वजाबाकी 104, आणि ती कुणाच्याच नात्यातली नाही. म्हणून गुरगुराट होतो. बरेच पेडल स्टील वादक गंधार पियानोपेक्षा किंचित उतरवूनच लावतात. त्यामुळे या वाद्यावर दोन स्वर एकत्र फाडले तरी ते गोड लागू शकतात. पण चार-पाच तारा एकदम छेडल्या तर वजाबाक्यांची गर्दी होते. नियम साधा: आवाज जितका फाटका, तितक्या तारा कमी.

हिची जागा कुठली? इथे दोन वाटा आहेत. आवाजाच्या पेडलच्या आधी जोडली तर फाटणं कायम राहतं आणि पाय फक्त लहान-मोठं करतो. नंतर जोडली तर पाय जसा दाबाल तसा आवाज अधिक फाटत जातो, स्वच्छ कुजबुजीपासून आरोळीपर्यंत. लांब, गाणाऱ्या स्वरांसाठी बहुधा पहिली वाट बरी पडते. स्टीलचे पिकअप ताकदवान असतात, त्यामुळे साध्या गिटारसाठी बनवलेल्या काही डब्या नको असतानाही फाटतात, तेवढं तपासून घ्यावं.

फझ म्हणजे वाद्याशी द्रोह, असं मानणारे आहेत. आम्हांला ते पटत नाही. 1969 साली फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या पहिल्या रेकॉर्डवर स्नीकी पीट क्लाइनाउ यांनी पेडल स्टील फझमधून वाजवली, आणि ती अजून ताजी वाटते. हाउस ऑफ गॉड चर्चमध्ये 1930 च्या दशकापासून स्टील गिटार प्रार्थनेत वाजते. त्या परंपरेतले रॉबर्ट रँडॉल्फ फाटका आवाज वापरतात तो प्रवचनकाराच्या चढत्या स्वरासारखा. पीट ड्रेक यांनी तर 1964 च्या 'फॉरएव्हर'मध्ये नळीवाटे गिटारचा आवाज तोंडात घेतला आणि ओठांनी त्याला शब्दांचा आकार दिला. आणि ब्रायन ईनो यांच्या 1983 च्या 'अपोलो'मध्ये डॅनियल लॅन्वा यांची पेडल स्टील घुमाऱ्यात इतकी विरघळली आहे की फूल कुठलं आणि स्फटिक कुठला, सांगता येऊ नये. या सगळ्यांनी दही जाणूनबुजून लावलं. त्यांना दही हवं होतं.

आमची खरी काळजी निराळी आहे. घुमारा चुका झाकतो. दांडी केसभर खाली पडली, तार वेळेवर दाबून बंद केली नाही, पाय धसकन पडला, हे सगळं दाट रिव्हर्बमध्ये ऐकू येत नाही. श्रोत्याला नाही, हेही एक वेळ चालेल. पण वादकाला स्वतःलाही ऐकू येत नाही, आणि जी चूक ऐकू येत नाही ती सुधारणार कशी? रोज दोन तास दाट घुमाऱ्यात रियाज करणारा माणूस दोन वर्षांनी तिथेच असतो. डबीचे पैसे गेले तर परत मिळवता येतात, कानाची गेलेली वर्षं कुठून आणायची?

तेव्हा ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना आमचं सांगणं असं. रियाज कोरडा करा, सगळ्या डब्या बंद. आवाजाचं पेडल मागे घेतल्यावर आवाजाची धार बोथट होते का ते ऐका. होत असेल तर पहिला खर्च इफेक्टवर नको, पेडलच्या आधी लावायच्या बफरवर करा. मग रिव्हर्ब, आणि मग गरज वाटली तर डिले, दोन्ही पेडलच्या पुढे. एका वेळी एकच डबी घ्या आणि महिनाभर तिच्याबरोबर राहा. एकट्याने घरी जुळवलेला घुमारा चारचौघांबरोबर वाजवताना कमी करावा लागतो, कारण बाकीची वाद्यंही आपापली जागा मागतात. वाजवलेलं ध्वनिमुद्रित करा, एकदा डबी चालू, एकदा बंद, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. प्रत्येक डबीला एकच प्रश्न विचारा: हे काम माझे हातपाय करू शकतात का? करू शकत असतील तर ते त्यांनाच शिकू द्या. करू शकत नसतील तर डबी खुशाल घ्या.

एवढं पुरे. आता तुमचे प्रश्न घेऊ.