उत्पन्न कमी दाखवल्याबद्दलची शास्ती (भारतीय प्राप्तिकर)

करदात्याने आपले करपात्र उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवल्याचे करनिर्धारणात निष्पन्न झाल्यास, कमी भरलेला कर व त्यावरील व्याज यांखेरीज जी रक्कम त्याच्यावर बसवली जाते तिला शास्ती म्हणतात. व्यवहारात तिला सरसकट ‘दंड’ असेच म्हटले जाते. भारतात ही तरतूद प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २७०ए मध्ये असून ती १ एप्रिल २०१७ पासून अमलात आली. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे जुन्या अधिनियमाखालीच चालतात. प्रस्तुत लेख त्या जुन्या तरतुदींविषयी आहे.

व्याज आणि शास्ती

या दोहोंची नेहमी गल्लत होते. वर्षाचा देय कर (उगमस्थानी कापलेला कर वजा जाता) १०,००० रुपये किंवा अधिक असल्यास तो आगाऊ भरावा लागतो. निर्धारित कराच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी आगाऊ कर भरलेला असेल, तर कलम २३४बी नुसार दरमहा एक टक्का व्याज लागते. हे व्याज अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे. ते लावण्यात अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. शास्तीचे तसे नाही. ती लावण्यापूर्वी नोटीस देऊन करदात्याचे म्हणणे ऐकून घेणे कलम २७४ नुसार आवश्यक आहे आणि ती लावावी की नाही, हा निर्णयाचा विषय आहे.

दोन दर

जुन्या कलम २७१(१)(सी) मध्ये शास्तीची रक्कम चुकवू पाहिलेल्या कराच्या १०० ते ३०० टक्के इतकी असे. एवढ्या मोठ्या पट्ट्यात नेमका आकडा अधिकाऱ्याने ठरवायचा असल्याने वाद वाढत. कलम २७०ए ने त्याऐवजी दोन निश्चित दर आणले. उत्पन्न केवळ कमी दाखवले असल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के आणि ते चुकीची माहिती देऊन कमी दाखवले असल्यास २०० टक्के. म्हणजे ४०,००० रुपये कर कमी पडला असेल, तर पहिल्या प्रकारात शास्ती २०,००० रुपये होते, दुसऱ्यात ८०,०००. खरा संघर्ष त्यामुळे आकड्याचा न राहता वर्गीकरणाचा झाला आहे.

दुसऱ्या वर्गात काय मोडते हे कायद्याने नेमके सांगितले आहे. वस्तुस्थितीचा विपर्यास किंवा ती दडवणे, गुंतवणूक अथवा उत्पन्नावर परिणाम करणारी जमा हिशेबवह्यांत न दाखवणे, वह्यांत खोटी नोंद करणे, पुराव्याविना खर्चाची वजावट मागणे आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार न कळवणे. घरभाड्याची बनावट पावती जोडणारा नोकरदार यात सहज सापडतो. मुदत ठेवीवरील व्याज दाखवायचे अनवधानाने राहून गेलेल्याचे प्रकरण मात्र वेगळे ठरू शकते. करदात्याने सर्व महत्त्वाची तथ्ये उघड केली असतील आणि त्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक असेल, तर ती रक्कम ‘कमी दाखवलेले उत्पन्न’ धरलीच जात नाही. कायदेशीरदृष्ट्या न टिकणारी मागणी केली म्हणजे चुकीचा तपशील दिला असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमाखाली २०१० मध्ये म्हटले होते.

नोटिशीत आरोप कोणता हे स्पष्ट असणे म्हणूनच कळीचे ठरते. छापील नमुन्यातील नको तो पर्याय न खोडता पाठवलेली नोटीस सदोष ठरते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये गोव्यातील प्रकरणांत दिला. तोही जुन्या कलमाखालचाच. नव्या कलमाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच धर्तीवर, आरोपाचा प्रकार नोटिशीत न सांगता शास्तीमाफी नाकारणे अयोग्य ठरवले.

शास्तीमाफी

कलम २७०एए नुसार करदाता शास्तीतून आणि कलम २७६सी व २७६सीसी खालील फौजदारी खटल्यातून सूट मागू शकतो. अटी दोन आहेत. मागणीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत (सामान्यतः ३० दिवसांत) कर व व्याज पूर्ण भरावे आणि करनिर्धारणाच्या आदेशाविरुद्ध अपील करू नये. चुकीच्या माहितीचा आरोप असलेल्यांना ही सूट मिळत नाही. अर्ज नमुना ६८ मध्ये, आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिन्याच्या आत करावा लागतो.

येथे एक अडचण दडलेली आहे. आदेश व मागणीची नोटीस १० जूनला मिळाली, तर अर्जाची मुदत ३१ जुलैपर्यंत असते. अपिलाची ३० दिवसांची मुदत मात्र १० जुलैच्या सुमारासच संपते. अर्ज केल्यापासून तो फेटाळल्याचा आदेश हाती पडेपर्यंतचा काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण अर्जापूर्वी गेलेले दिवस परत मिळत नाहीत. जुलैअखेर अर्ज करणाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला, तर अपील आधीच मुदतबाह्य झालेले असते आणि विलंबमाफीची याचना करावी लागते. जूनमध्येच अर्ज करणाऱ्याच्या हाती उरलेले दिवस शिल्लक राहतात.

अर्ज फेटाळण्यापूर्वी करदात्याला सुनावणीची संधी द्यावी लागते. तो मंजूर झाल्यास मूळ करनिर्धारणाविरुद्ध अपील किंवा कलम २६४ खालील पुनरीक्षण यांपैकी कोणताच मार्ग उरत नाही. शास्तीचाच आदेश निघाल्यास त्याविरुद्ध प्राप्तिकर आयुक्तांकडे (अपील) आणि पुढे प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.