चाळण आणि चाळणारा

खळ्यावरचे धान्य ताटात येईपर्यंत किती वेळा निवडले जाते, हे आपल्या कळंब परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांना सांगावयास नको. आधी ते वाऱ्यावर उपणतात, मग सुपात पाखडतात आणि दळून आणल्यावर पीठ पुन्हा चाळतात. सगळी घाण एकाच साधनाने निघत नाही. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये येणारे नकोसे मेसेज वेगळे कसे काढावेत, याचा विचार करताना मला हेच उदाहरण वारंवार आठवते. हा विचार करण्याची पाळी माझ्यावर का आली, ते आधी सांगतो.

आमच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे व मी त्याचा ॲडमिन आहे. तासांचे बदल, परीक्षेचे वेळापत्रक, सरांच्या सूचना एवढ्यासाठीच तो काढला होता. पण सकाळी उघडून पाहावे तो गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात, घरबसल्या पैसे मिळविण्याच्या जाहिराती, ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ अशा धमक्या, आणि त्यांच्याखाली कोठेतरी दडलेली परीक्षेची सूचना! २०२२ पासून ॲडमिनला इतरांचा मेसेजही सर्वांसाठी पुसता येतो. मी हा अधिकार सढळ हाताने वापरू लागलो.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी, सतत काहीबाही पाठविणाऱ्या एका वर्गमित्राचा मेसेज आला. त्यात ‘फुकट’ हा शब्द दिसताच मी तो पुसून टाकला. प्रत्यक्षात त्यात लिहिले होते, की शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्याची उद्या शेवटची तारीख आहे आणि माझा चुलतभाऊ तो फुकट भरून देईल. एसटीने ये-जा करणाऱ्या एका वर्गमैत्रिणीला हे कळलेच नाही. तिची शिष्यवृत्ती हुकली. फीसाठी तिच्या आईने शेळी विकली, हे मला पुढे महिन्याभराने समजले. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. येथे जाळणारा मी होतो.

त्यानंतर मी या विषयाची थोडी माहिती मिळविली. ती मित्रांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

नकोशा मेसेजांचा उपद्रव व्हॉट्सॲपच्या फार आधीचा आहे. संगणकावरील चर्चेसाठी ‘यूजनेट’ नावाची व्यवस्था होती व तीत विषयवार हजारो गट होते. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील एका वकील जोडप्याने ग्रीनकार्ड लॉटरीसंबंधीची आपली जाहिरात त्यांतील हजारो गटांत एकाच वेळी टाकली. लोक संतापले, पण जाहिरातदारांना वाट सापडली. पत्र पाठविण्यास तिकीट लागते. येथे एक मेसेज पाठविणे आणि दहा हजार पाठविणे यांच्या खर्चात जवळजवळ फरकच नाही. रोगाचे मूळ येथे आहे.

यावर पहिला उपाय सुचला तो शब्दांच्या चाळणीचा. वाईट शब्दांची यादी करावयाची आणि त्यातला शब्द दिसला की मजकूर अडवावयाचा. ही चाळण आंधळी असते. १९९६ साली इंग्लंडमधील स्कंथॉर्प या गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीकडे खाते उघडता येईना. कारण त्यांच्या गावाच्या इंग्रजी नावात एक अश्लील शब्द दडलेला होता! मराठीत तर अडचण आणखी मोठी. आपला शब्द ‘लॉटरी, लॉटरीचे, लॉटरीवाल्याला’ अशी रूपे घेतो, शिवाय निम्मे लोक मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितात. यादी करणार तरी किती मोठी?

दुसरी चाळण संभाव्यतेची. तिच्यामागचे गणित थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचे असून ते त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाले. ईमेलमधील नकोशी पत्रे ओळखण्यास ते फार उपयोगी ठरले. गणित म्हटले की आपण कलाशाखेचे विद्यार्थी दचकतो, पण हे सोपे आहे. समजा, मी शंभर नकोसे आणि शंभर हवेसे मेसेज तपासले. ‘फुकट’ हा शब्द नकोशांपैकी ४० मध्ये आणि हवेशांपैकी २ मध्ये सापडला. म्हणजे हा शब्द वीसास एक या प्रमाणात मेसेजच्या विरुद्ध साक्ष देतो. ‘फॉर्म’ हा शब्द हवेशांपैकी ३० मध्ये व नकोशांपैकी ३ मध्ये आढळला. त्याची साक्ष दहास एक बाजूने. ‘तारीख’ हवेशांपैकी २४ मध्ये व नकोशांपैकी ४ मध्ये. तिची साक्ष सहास एक बाजूने. हे शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर बाजूच्या साक्षींचा गुणाकार साठ आणि विरुद्ध साक्ष वीस. निकाल तिनास एक या प्रमाणात बाजूने! मी एका शब्दावर फाशी दिली. या चाळणीने तिन्ही साक्षीदार तपासले असते. यंत्र माझ्यापेक्षा न्यायी ठरले असते, हे कबूल करणे भाग आहे.

मग ही चाळण व्हॉट्सॲपवर का लावीत नाहीत? कारण २०१६ पासून तेथील मेसेज बंद लिफाफ्यातून जातात. पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज वाटेत कोणालाही, खुद्द कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. आपल्या खाजगी बोलण्याचे यामुळे रक्षण होते. परंतु पोस्टमनला पत्र वाचता येत नसेल, तर खोटे पत्र तो अडविणार कसा?

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१८ साली मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरली. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेल्या एका चित्रफितीचा शेवट कापून ती खरी घटना म्हणून देशभर फिरविली गेली. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातले होते. अफवेच्या मेसेजमध्ये अश्लील शब्द नसतो, ‘फुकट’ही नसते. ‘मुलांना सांभाळा’ हे तर आपली आईही म्हणते. कोणती शब्दांची चाळण त्याला अडविणार?

मजकूर वाचता येत नाही, तेव्हा कंपनीने त्याचा वेग बांधला. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे ढकलता येणार नाही असे ठरले. जानेवारी २०१९ मध्ये हा नियम जगभर लागू झाला. एप्रिल २०२० पासून अनेक हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. पाटाला दारे घालावीत तसा हा प्रकार. पाणी गढूळ की स्वच्छ हे दाराला कळत नाही, परंतु शेत वाहून जाण्याआधी धावपळ करण्यास वेळ मिळतो.

तो वेळ वापरणार कोण? शेवटी माणूसच. ग्रुपमधील दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मेसेजबद्दल, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणास गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले आहे. कायद्याने माझी सुटका केली. पण त्या शेळीने केलेली नाही.

चाळणीच्या चुका दोन प्रकारच्या असतात. खडा आत येतो, किंवा दाणा बाहेर जातो. भोके बारीक केली की पहिली चूक कमी होते व दुसरी वाढते; मोठी केली की उलट. दोन्ही शून्यावर आणणारी चाळण नाही. म्हणून कोणती चूक परवडेल, हे आधी ठरवावे लागते. सुप्रभातचे फूल आत आले तर दात थोडा कचकचतो, एवढेच. शिष्यवृत्तीची तारीख बाहेर गेली तर एक वर्ष जाते. आणि ‘चोर आले’ ही अफवा आत आली तर माणसे जातात.

आमच्या वर्गाने आता सूचनांचा ग्रुप वेगळा केला आहे. त्यात फक्त ॲडमिन लिहितात, आणि ॲडमिन तिघे आहेत. त्यांतील एक ती मैत्रीण. गप्पांच्या ग्रुपवर फुले खुशाल येवोत. पुसण्यापूर्वी मेसेज पूर्ण वाचावयाचा, पुसल्यास कारण सांगावयाचे, आणि भीती घालणारा मेसेज असेल तर पाठविणाऱ्याला ‘तुला हे कोणाकडून कळले?’ असे विचारावयाचे, असे तीन नियम आहेत.

परवा आजी अंगणात ज्वारी पाखडीत होती. मी बोलण्यात गुंतविले, तेव्हा ती म्हणाली, “थांब रे बाळा, नजर सुपावरनं हलली की दाणाबी कोंड्यासंगं जातो.” मी लेखभर जे सांगितले, ते एवढेच आहे.